न म्हटलेलं ‘होय महाराजा’

माझ्या नवऱ्याने मासे सोडले त्याला दीड वर्ष होत आलं होतं, तेव्हा मुलीने पुण्याहून आम्हा दोघांसाठी मासेमारीची सहल ठरवली. काजळी नदीत, होडीतून, दुपारी साडेचारपासून सूर्य बुडेपर्यंत. सोबत माहीतगार माणूस, गरी-दोरी त्यांचीच, आणि जे लागेल ते परत आल्यावर त्यांच्याच घरी तळून वाढणार. मी फोनवर म्हटलं, “अगं, उपासाच्या माणसाला पंगतीचं आमंत्रण देतेस का?” ती म्हणाली, “खाऊ नका, पकडा नुसते. पण बाबांना त्या खुर्चीतून उठव.”

ती खुर्ची म्हणजे आमच्या गॅलरीतली प्लास्टिकची. हे सकाळी चहा घेऊन तिच्यात बसायचे ते जेवायला उठायचे, जेवून पुन्हा तिथेच. (यांना मी आयुष्यभर ‘हे’च म्हणत आले, आता कागदावर तरी नाव कशाला घेऊ?) बाहेर बघत बसायचे म्हणावं तर तेही खरं नाही. यांना काचबिंदू आहे. त्यात नजर बाजूंनी जाते. मधला तुकडा राहतो आणि अंधार कडेकडेने आत सरकत येतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून जितकी राखता येईल तितकी राखायची. हे म्हणायचे, “पाइपातून बघतोय. गेल्या वर्षी तीन इंची होता, आता एक इंची आहे.” उजेड कमी झाला की तो एक इंचसुद्धा बंद.

इंचांत बोलायचे, कारण हे मिरजोळ्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. सगळं आयुष्य लेथसमोर उभं राहून गेलं. तयार शाफ्टवरून अंगठा फिरवून “केसभर जास्त आहे” म्हणायचे, आणि मोजायला घेतला की तो केसभर जास्तच निघायचा. असा माणूस आता चहाच्या कपाचा कान शोधताना दोनदा चाचपडायचा. ते बघितलं की मी कप उचलून हातात द्यायचे.

माझं म्हणाल तर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गाची बाई. पोराला अक्षर जमलं नाही की त्याचा पेन्सिलचा हात आपल्या मुठीत धरून गिरवायचं, ही माझी पद्धत. निवृत्त झाले तरी हात निवृत्त झाला नाही. यांच्या चपला पायांशी सरळ करून ठेवायचे, शर्टाचं बटण चुकलं तर हे बोलत असतानाच सोडवून पुन्हा लावायचे. ताटात मासा वाढला की आधी त्याचे काटे काढायचे. बायका म्हणायच्या, नशीबवान आहेत हो तुमचे मिस्टर. हे काहीच म्हणायचे नाहीत, आणि मी ते न बोलणं समाधानात जमा करत होते.

मासे सोडले तेही असंच एका वाक्यात. शिमग्याला आम्ही यांच्या गावी, संगमेश्वराकडे, पालखीला जाऊन आलो होतो. आल्यानंतरच्या रविवारी कारखान्यातले यांचे दोन जुने सोबती जेवायला होते. मी बांगड्याचं तिखलं केलं होतं, हसतखेळत जेवणं झाली. मंगळवारी हे पाटावर बसता बसता म्हणाले, “मासे बंद. देवीला बोललोय. डोळे राहू देत म्हणून.”

आमच्याकडे कोणी ‘देवीला बोललोय’ म्हटलं की पुढे उलटतपासणी नसते. कधी बोललात, का बोललात, मला का नाही सांगितलंत, काहीही विचारायचं नाही. देवाशी झालेला करार, त्यात तिसऱ्याने नाक खुपसू नये. मी मान हलवली. आणि एकाने देवासाठी सोडायचं नि दुसऱ्याने समोर बसून तुकडी कुरकुरवायची, हे काही माझ्या मनाला पटेना, म्हणून मीही सोडले. मी खेडची. जगबुडी नदीच्या काठच्या आमच्या घरात बिनमाशाच्या जेवणाला आजाऱ्याचं जेवण म्हणत. दीड वर्ष मी आजाऱ्याचं जेवण जेवले. मासेवालीने आमच्या दारात हाक मारायची सोडली, नुसती हसून पुढे जायची. कधी शेजारून तळल्याचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, देवी, बघत्येस ना गं, दोघांचं लिहून ठेव.

तर अशा आम्हा दोघांना मुलीने गरवायला पाठवलं. गरवणं म्हणजे गरीने, गळाने, मासे धरणं. हे येणार नाहीत अशीच माझी खात्री होती, पण मुलीपुढे यांचं काही चालत नाही. मलाही आतून जावंसं वाटत होतं आणि त्याचं कारण मासे नव्हते. पुढच्या वर्षी हा पाइप अर्ध्या इंचाचा झाला तर? यांना नदीवरचा सूर्यास्त एकदा नीट दाखवावा, असं माझ्या डोक्याने घेतलं होतं. दाखवावा म्हणजे मी दाखवावा.

माहीतगार म्हणून कोणी टी-शर्टातला तरणा गडी असेल अशी माझी कल्पना. काठावर उभी होती ती पन्नाशी ओलांडलेली बाई. पाचवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वर पुरुषी फुल शर्ट, डोक्याला टॉवेल. नवरा खाडीवरच वाढलेला, तीन वर्षांमागे गेला. होडी विकून टाक म्हणून सगळ्यांनी सांगितलं, तर हिने विकली नाही आणि पाहुणे फिरवायला लागली. हे सगळं तिने आम्हाला लाइफ जॅकेटचे पट्टे आवळता आवळता सांगून टाकलं.

मी दंड घट्ट धरून यांना होडीशी आणलं आणि मोठ्याने म्हणाले, “ताई, यांना दिसत नाही हो नीट. तुम्ही तिकडून धरा, मी इकडून धरते.” तिने माझ्याकडे पाहिलं नाही. यांना विचारलं, “दादा, हात देव काय?”

“द्या,” हे म्हणाले.

तिने हात दिला, हे चढले, बसले. मी मागून चढणार तेवढ्यात तिने मला हळूच विचारलं, “वैनी, लागला तर फ्राय करूचा की कालवण?” मी तितक्याच हळू सांगितलं की आम्ही खात नाही. यांनी डोळ्यांसाठी मासे सोडलेत, देवीला बोललेत. तिने लगेच छातीला हात लावला. “असा काय,” म्हणाली. “मगे मोठी गोष्ट हाय.” मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत त्या त्यागाला कोणी मोठी गोष्ट म्हटलं नव्हतं.

इंजिन लावून तिने होडी वर नेली. भाट्याचा पूल मागे पडला, दोन्हीकडची कांदळवनं जवळ आली, मग तिने इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने एका वळणाशी नेऊन नांगर टाकला. पाणी इतकं निवांत होतं की नांगराच्या दोरीभोवती तरंगसुद्धा उठेना.

“आज अष्टमी ना,” ती म्हणाली. “भांगाचा पाणी. जोर नाय त्येला.” आमच्याकडे अमावास्या-पुनवेच्या भरतीला उधाण म्हणतात आणि मधल्या मवाळ भरतीला भांग.

“भांग?” हे म्हणाले. “मग चढणार म्हणजे.”

ती खळखळून हसली. मी हसायलाच विसरले. यांनी केलेली कोटी किती महिन्यांनी ऐकली होती मी!

मग भरती किती वाजता पुरी होते ते हे विचारायला लागले. ती म्हणाली, “तिथीची पाऊणपट करा. आठाची पाऊणपट सहा. सहाला पाणी भरणार, जरा थांबणार, मगे सुकतीला लागणार. पाणी हललान की मासा खातो.” यांनी क्षणभर ओठ हलवले. “म्हणजे दशमीला साडेसात,” म्हणाले. “एकादशीला सव्वाआठ.” तिथीवरून भरती निघते हे या माणसाला सदुसष्टाव्या वर्षी कळलं होतं आणि तोंडावर असा आनंद, जणू नवीन मशीन आलंय कारखान्यात. मी मनात मुलीला दुवा दिला.

गरी टाकायच्या आधी तिने डोक्यावरचा टॉवेल नीट केला आणि म्हणाली, “गाऱ्हाना घालूया. बाहेरचं पाहुणं असलं की मी मनात घालतंय, हसतात मेले. तुमी हितलीच. मोठ्यान घालतंय.”

आता गाऱ्हाणं म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यासाठी सांगते. देवापुढे उभं राहून, जवळजवळ फिर्याद दिल्यासारखं, आपलं म्हणणं मांडायचं. एकजण मांडतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘होय महाराजा’ म्हणतात. ते म्हटलं की सही झाली. नुसतं ऐकणाऱ्याचीही. खरं तर गाऱ्हाणं पुरुष घालतात. तिचा नवरा घालायचा, आता ती घालते.

तिने ओंजळभर पाणी होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, सोडलं आणि हात जोडले. आवाज एकदम बदलला.

“बा खाडीच्या राजा, आज ही दोन मानसा तुज्या पान्यात आलीत...”

“होय महाराजा,” आम्ही दोघं म्हणालो. यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. गावच्या देवळात लहानपणापासून म्हटलेलं.

“त्यांची काय चूकभूल असंल ती पदरात घे...”

“होय महाराजा.”

“त्यांच्या पोरीला लेकराला सुखात ठेव...”

“होय महाराजा.”

“आनि बा म्हाराजा, ह्या दादानं डोळ्यांसाठी मासा सोडलान हाय. तुज्या भैनीला, गावच्या देवीला, सबूद दिलान हाय. तो खरा धरून घे आनि त्याची नजर हाय तशी राख...”

“होय महाराजा,” मी म्हणाले.

मी एकटीच म्हणाले होते.

मला वाटलं, यांना ऐकू आलं नाही. मी यांच्या मांडीला कोपराने ढोसलं. “अहो, होय महाराजा म्हणा ना.” वर्गात मागे राहिलेल्या पोराला म्हणायला लावतात तसं. हे तरीही गप्प. हात जोडलेले तसेच होते, मान खाली. ती बाईही तशीच थांबलेली, कारण होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य घालता येत नाही.

“बाय,” हे शेवटी म्हणाले, “ता काढा.”

“काय काढू?”

“मासे सोडल्याचा. ता खरा नाय. मी देवीला काय बोललो नाय.”

माणूस बायकोशी दीड वर्ष खोटं बोलू शकतो. त्याच खोट्यावर होय महाराजा मात्र त्याच्या तोंडून निघेना. हे मला आज लिहिताना कळतंय, तेव्हा नुसता राग आला. असा राग की होडीतून उठून चालत काठावर गेले असते. मी म्हणाले, “बोलला नाहीत? मग मी काय म्हणून उपाशी मेले इतके दिवस?”

“तुला मी सांगितलं नव्हतं सोडायला.”

“सांगायला कशाला हवं? आणि खोटं कशाला सांगितलंत? आवडेनासे झाले होते तर तसं म्हणायचं!”

ती बाई आमच्याकडे पाठ करून आमिषाची कोळंबी सोलायला बसली. ऐकत तर होतीच, होडी ती केवढी. हे पाण्याकडे तोंड करून बोलले, माझ्याकडे नाही.

“त्या रविवारी दोघं जेवायला होते. तू माझं ताट ओढून घेतलंस. बांगडा फोडलास, काटे काढलेस, वरचं मांस कुस्करून ढीग केलास आणि ताट परत सरकवलंस. वर म्हणालीस, जेवा आता, काटा नाही.”

“मग? वाईट केलं?”

“सगळे बोलायचे थांबले गो. ज्याला मी लेथ शिकवला, तो खाली बघून जेवायला लागला. त्याच्या नातवाला घरी तसंच देत असतील ना ताट.” यांचा आवाज बारीक झाला. “काटे मला बघावे लागत नाहीत. कधीच लागले नव्हते. जिभेला कळतात, बोटाला कळतात. पण तुला कसं सांगणार? तू एवढं करतेस. तू काही वाईट करत नाहीस. मग म्हटलं, मासाच नको. देवीचं नाव घेतलं की तू विचारणार नाहीस.”

मला तो रविवार आठवत होता, आणि मला तो चांगला म्हणून आठवत होता. हसतखेळत जेवणं झाली, असं मी वर लिहिलंय ना, ते मी दीड वर्ष असंच सांगत आले होते. मला त्या दोघांचे खाली घातलेले चेहरे आठवेनात, कारण मी ते पाहिलेच नव्हते. मी काटे बघत होते. डोळे यांचे गेले म्हणून मी रडत होते, आणि दिसत मला नव्हतं. मला फार लाज वाटली. पदर तोंडाला लावून मी नदीसमोर बसून राहिले.

कोळंबी सोलून झाली तशी ती बाई वळली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. “ऱ्हायलेला घालू?” म्हणाली. पुन्हा हात जोडले. “बा म्हाराजा, ह्या दादानं तुज्या भैनीच्या नावान खोटा सांगितलान, त्याची येळ तशी होती, ता पदरात घे...”

“व्हय म्हाराजा!” हे इतक्या घाईने म्हणाले की तिला हसू आवरेना. मग मलाही.

इथली गरी काठीची नसते. तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, दोरी लाकडाला गुंडाळलेली, टोकाला शिशाचा तुकडा नि गरी. शिसं तळाला टेकलं की दोरी जराशी ताणून पहिल्या बोटाच्या पेरावर घ्यायची. तिने ती यांच्या बोटावर ठेवली. मी वाकून बघत होते, तर म्हणाली, “वैनी, हितं बघण्यासारखा कायच नाय. ह्या डोळ्यान नाय बघूचा, बोटान बघूचा. माजा घरवाला डोळे मिटून बसायचा.” आणि दुसरी दोरी माझ्या हातात देऊन मला होडीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. हात पोचणार नाही इतकं लांब. तेव्हा मला वाटलं होडीचा तोल राखायला.

सूर्य पुलाकडे उतरला. पाणी भरून थांबलं होतं. सगळी नदी तांबूस झाली आणि माझ्या अंगात पुन्हा शाळेतल्या बाई शिरल्या. “अहो, मान जरा डावीकडे करा. आणखी. आता समोर बघा, कांदळाच्या वर, दिसतोय का? केवढा लाल...”

“जरा गप बस,” हे म्हणाले. “खातोय.”

“कोण खातंय?”

“खाली. टोचून बघतोय. छोटा आहे, लागणार नाही.” यांची मान खाली, डोळे मिटलेले, सगळा माणूस त्या एका पेरावर गोळा झालेला. लेथवर उभे असताना असेच दिसत असतील. मी कारखान्यात कधी गेले नव्हते. “हा गेला. हा दुसरा. हा मोठा आहे.”

सूर्यास्त दाखवायला मी यांना आणलं होतं, आणि तो बुडाला तो मी एकटीने पाहिला. यांनी बघायचं टाळलं नाही, यांना सवड नव्हती.

पाणी सुकतीला लागलं, दोरी किंचित कलली, आणि यांनी मनगट झटकलं. दोरी सरसर आत ओढायला लागले. काळुंदर होतं, तळहाताएवढं. होडीच्या फळीवर फडफडायला लागलं तसा माझा जीव वर आला, कारण काळुंदराच्या पाठीवर काट्यांची करवत असते आणि आता उजेड गेला होता, म्हणजे यांना काही म्हणता काही दिसत नव्हतं. मी अर्धी उठले. ती बाई जागची हलली नाही. “दादा, डोक्याकडनं हात लावा नि शेपटाकडं दाबत न्या. काटे आपसूक निजतात. उलटा हात फिरवू नका.”

यांनी डोकं चाचपलं, तळवा दाबत मागे नेला, काटे निजले. दुसऱ्या हाताने गरी सोडवली. केसभरही रक्त नाही. मी फळी घट्ट धरून बसले होते, इतकी की दुसऱ्या दिवशी बोटं दुखली. आणखी दोन लागली. माझ्या दोरीला एक कांदळाचं पान लागलं.

तिच्या पडवीत चुलीसमोर आम्ही जेवायला बसलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. वरचा बल्ब मिणमिणता. तिने तव्यावरची काळुंदरं थेट ताटात घातली, अख्खी. यांच्या ताटातलं माझ्या ताटापासून वीतभर अंतरावर. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घेतले. खरंच घेतले, लहान पोरांना बसवतात तसे.

यांनी बोट माशाच्या कण्यावरून एकदा फिरवलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत. मग चिमटीने वरची बाजू सोडवली. काटा जिभेवर आला की ओठांतून काढून ताटाच्या कडेला. पुढचा त्याच्या शेजारी. सावकाश जेवत होते, आणि तोंडावर जे होतं ते मी दीड वर्षात पाहिलं नव्हतं. मग मीही एक तुकडा तोंडात टाकला आणि मला रडू आलं. ते लाजेचं होतं की चवीचं, आता सांगता यायचं नाही.

मध्येच हे खोकले. थांबले. पुन्हा खोकले, आणि हात गळ्याशी गेला. काटा अडकला होता. मी हात सोडवून उठायला लागले, तर यांनी डावा हात माझ्या दिशेने आडवा धरला. थांब. मग कोरड्या भाताचा मोठा घास वळला, न चावता गिळला. एक क्षण काही नाही. मग म्हणाले, “गेला.” आणि पुढचा तुकडा घेतला. चुलीपुढून ती बाई म्हणाली, “आमच्यात सगळ्यांच्याच अडकतो,” आणि भाकरी उलटली.

हात धुऊन झाल्यावर हे म्हणाले, “बाय, तुझ्या दारात एक गाऱ्हाणं मी घालू?” तिने डोक्यावरून पदर घेतला. यांनी हात जोडले. मला वाटलं, डोळ्यांसाठी मागतील.

“बा म्हाराजा, डोळे जायचे ते जातील...”

ती म्हणाली, “व्हय म्हाराजा.” माझ्या तोंडून ते निघेना. यांनी माझी वाट पाहिली. मी म्हणाले.

“हिने माझ्यासाठी उपास काढलान, तो तुझ्याकडे जमा कर...”

“व्हय म्हाराजा.”

“आणि म्हाराजा, मी मागेन तेव्हाच हात द्यायची बुद्धी हिला दे.”

ती बाई काही बोलली नाही. हे वाक्य तिचं नव्हतं. दोघंही थांबली, चुलीतलं लाकूड तडकलं, आणि मी विचार करत बसले. म्हणायला किती वेळ लागतो? पण खोटं म्हणता येत नाही हे मी संध्याकाळीच पाहिलं होतं. उद्या चहाचा कप असेल, चुकलेलं बटण असेल, जिन्याची पायरी असेल. पुढच्या वर्षी तो पाइप बंद झालेला असेल. मला जमेल का? मला खरंच जमेल का?

“होय महाराजा,” मी म्हणाले.

रिक्षा वर रस्त्यावर थांबली होती. अंगणातून रस्त्यापर्यंत चिऱ्याच्या पायऱ्या, ओबडधोबड, आणि अंधार. हे पुढे, मी मागे. हे पाऊल टाकायच्या आधी टाचेने पायरीची कड शोधत होते, मग वजन टाकत होते. चौथ्या पायरीवर पाय जरा सरकला. माझा हात आपोआप पुढे गेला, यांच्या दंडापासून बोटभर अंतरावर पोचला, आणि मी तो मागे घेतला. यांनी तोल सावरला होता.

“बांगड्या वाजल्या,” हे वळून न बघता म्हणाले.

“वाजेनात का. हात मागे घेतला ना मी?”

“घेतलास,” हे म्हणाले आणि पुढची पायरी शोधली. “तोही वाजला.”